भाऊंच्या हस्ते माझं तिकीट

"बरोबर कोण आहे?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा कल्याणच्या ट्रॅव्हलवाल्याने विचारला, मग डोंबिवलीच्या, मग डोंबिवलीच्याच दुसऱ्या एकाने. मी म्हटलं, कोणी नाही, मी एकटी. कल्याणवाला हसला. डोंबिवलीच्या पहिल्याने माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं, कोणी पुरुषमाणूस बाहेर चपला काढतोय की काय म्हणून. दुसरा तर सरळ म्हणाला, "काकू, क्रूझ म्हणजे हनिमूनवाल्यांचं काम. तुम्ही चारधाम करा ना. ज्येष्ठांचा ग्रुप आहे आमचा. आमचा माणूस झेंडा घेऊन पुढे चालतो, तुम्ही फक्त मागे मागे यायचं."

"मी बौद्ध आहे," मी म्हटलं. "चारधाम तू कर. आणि मागे मागे चालून झालंय माझं."

त्याचा चहा तसाच टेबलावर ठेवून मी उठले.

मी कांता भालेराव. वय साठ. राहते मोहन्याला. एकोणतीस वर्षं प्रसूती वॉर्डात आया होते. किती पोरं माझ्या हातात पहिल्यांदा रडली त्याचा हिशोब नाही, पण त्या एकोणतीस वर्षांत मला कोणी कांता म्हटलं नाही. आया, बादली आण. आया, पेशंट सरकव. ए आया, कुठे मेलीस? निरोपाच्या दिवशी शाल दिली तेव्हा मेट्रनबाईंनी शेजारच्या नर्सला हळूच विचारलं, हिचं नाव काय गं? मला ऐकू आलं. मी कान फुटल्यासारखी बसून राहिले.

आणि जहाजच का, हे आता सांगते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. मी लहानपणी एका खोलीत नऊ जणांत झोपले. लग्न झालं तर सासू-सासरे, दोन दीर, मधे साडीचा पडदा. रात्रपाळीला वॉर्डाबाहेरच्या बाकावर. दगडू, माझा नवरा, गेला, मुलाचं, सम्यकचं, लग्न झालं, तर बेडरूम मुलगा-सुनेला आणि मी हॉलमध्ये फ्रीजपाशी. सम्यक रात्री एक वाजता पाणी प्यायला येतो, फ्रीजचा दिवा माझ्या तोंडावर पडतो. मी कोणाला दोष देत नाही. पण साठ वर्षांत, मोरी सोडली तर, मी एकदाही दाराला आतून कडी लावून एकटी झोपलेली नाही. सुनेने, पायलने, एकदा मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. एक बाई जहाजातल्या खोलीत शिरते, मागे दार लागतं, टक्. पायलला पडदे आवडले. मला तो टक् आवडला.

लोकांना वाटतं म्हातारीला समुद्र बघायचा आहे. समुद्र बघेन की. आधी दार.

शेवटी ठाण्याला गेले. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक छोटं ऑफिस आहे, मेलिसा म्हणून मुलगी चालवते. तिचा बाप आयुष्यभर जहाजावर भांडी-बिछान्याच्या कामाला होता, म्हणजे तिला जहाज खालून माहीत आहे. तिने "बरोबर कोण" विचारलं नाही. तिने विचारलं, "आंटी, तुम्हाला गाडी लागते का?"

साठ वर्षांत मला विचारलेला सगळ्यात शहाणा प्रश्न.

"बसमध्ये लागते. घाटात."

"मग खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेऊ. तिथे डोलतं कमी. गोळी मी सांगते, पण आधी तुमच्या डॉक्टरला विचारा. बीपीची चालू आहे का?"

मग ती म्हणाली की भाडं माणशी सांगतात, पण खोलीत दोन माणसं धरून. एकट्याने घेतली तर जवळजवळ दोघांचं पडतं.

"म्हणजे नवरा मेला त्याचा दंड?"

"दंड नाही हो आंटी. सिस्टीम तशी आहे."

"सिस्टीम कोणी केली? जोडीने फिरणाऱ्यानेच केली असणार."

मेलिसा खळखळून हसली. मी हसले नाही. मला अजूनही ते पटलेलं नाही. एक माणूस एक माणसाएवढंच खातं, एकच गादी दाबतं. तरी पैसे भरले. माझ्या नोकरीचे होते, कोणाला विचारायचं नव्हतं.

"खिडकीवाली घ्या पण," ती म्हणाली. "आतली खोली म्हणजे चारी बाजूंनी भिंत. दिवस-रात्र कळत नाही."

"कडी आहे ना दाराला? आतून?"

"लॅच आहे. आणि तुमच्या कार्डाशिवाय बाहेरून उघडत नाही. फक्त साफसफाईवाला उघडू शकतो, तोही आधी ठोकतो. आतून लॅच लावलात तर तोही नाही."

"मग खिडकी नको."

मुंबई, मग समुद्र, मग गोवा, मग परत. तीन रात्री. मेलिसाने दोन तास बसून सगळं समजावलं आणि मी वहीत लिहून घेतलं. मोठी बॅग गेटवरच घेतात, ती संध्याकाळपर्यंत आपल्या दारात येते, म्हणून गोळ्या, चष्मा आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. पाणी तापवायची कॉइल न्यायची नाही, इस्त्री नाही, काढून घेतात. कार्ड गळ्यात घालायचं, तीच चावी, तीच ओळख, काही विकत घेतलं तर तेही त्यावरच चढतं, म्हणून जपून. वरच्या मोठ्या हॉलमधलं जेवण तिकिटात आहे, छोट्या छोट्या हॉटेलांतलं नाही. एकटं माणूस दिसलं की वेटर दुसऱ्यांच्या टेबलावर बसवतो, नको असेल तर नको म्हणायचं, कोणी रागवत नाही. शेवटच्या रात्री बॅग भरून दाराबाहेर ठेवायची, पण सकाळी घालायचे कपडे आत ठेवायचे. "नाहीतर आंटी, माझे बाबा सांगायचे, दरवेळी एक तरी साहेब नाइट पँटवर उतरतो."

आणि एक गोष्ट तिने सांगितली ती मी दोनदा विचारली. जहाज सुटायच्या आधी भोंगा वाजतो. प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या जागी जायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. तिथे एकेकाचं कार्ड तपासतात. कोणी राहिलं की त्याचं नाव पुकारतात, माणूस शोधायला पाठवतात.

"सगळे मोजून होईपर्यंत सुटत नाही?"

"नाही."

"माझ्यासाठी पण थांबणार?"

"तुमच्यासाठी पण, आंटी."

मला त्या पोरीच्या ऑफिसात रडायचं नव्हतं, म्हणून मी पंख्याकडे बघत बसले.

आता माझी चूक सांगते.

तिकीट मोबाईलवर आलं. सम्यकने प्रिंट काढली आणि म्हणाला, "आई, दे, लॅमिनेट करून आणतो. समुद्रावर भिजेल."

आमच्या घरात सगळं लॅमिनेट होतं. रेशन कार्ड, जातीचा दाखला, सम्यकची दहावीची मार्कशीट, दगडूचा मृत्यूचा दाखला, माझं वॉर्डातलं पहिलं नेमणूकपत्र. ज्यांच्या तोंडी बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही ती माणसं कागद जपतात. आम्ही कागदाला जिवासारखं जपतो. म्हणून मी दिलं. मुलगा होता, दुसऱ्या कोणाला दिलं नव्हतं.

चार दिवस तिकीट परत आलं नाही. मशीन बिघडलीय म्हणाला. मग दुकानदार गावाला गेलाय म्हणाला.

पाचव्या दिवशी मी भाजी घ्यायला नाक्यावर गेले आणि मान वर केली तर मी तिथे टांगलेली.

वीस फुटी फ्लेक्स. मधे रवींद्रभाऊ, हात जोडून, गळ्यात चेन, माणसाएवढं डोकं. हे भाऊ म्हणजे आमच्याकडचे निवडणुकीची वाट बघून बघून थकलेले पुढारी, सिक्युरिटी एजन्सी चालवतात. त्यांच्या बाजूने अकरा पोरं, सगळी काळा चष्मा लावून. आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, मी. निरोप समारंभातला फोटो. कापायला घाई झाली असणार, मेट्रनबाईंची चार बोटं माझ्या खांद्यावर तशीच राहिली होती. आणि लिहिलेलं: 'मा. रवींद्रभाऊंच्या प्रयत्नांतून ज्येष्ठ माता-भगिनींना मोफत समुद्र सफर! पहिल्या भाग्यवान लाभार्थी मातेस भाऊंच्या शुभहस्ते तिकीट प्रदान सोहळा. रविवार सकाळी ११.'

लाभार्थी! मी लाभार्थी!

नावसुद्धा नाही. वॉर्डात आया होते, नाक्यावर माता झाले.

भाजीवाली म्हणाली, "काय नशीब काढलंस गं!" घरी पोचेपर्यंत चाळीतल्या तिघी जिन्यात उभ्या. "कांता, आमचं पण नाव टाक ना भाऊंकडे. आधार कार्डाची झेरॉक्स कोणाकडे द्यायची? भाऊंच्या माणसाने फोन नंबर पण लिहून घेतलाय." त्यातल्या एकीला गुडघ्यामुळे जिना चढवत नव्हता, तरी ती दोन मजले चढून आली होती.

सम्यक संध्याकाळी आला. मी विचारलं, "तिकीट कुठाय?"

तो बूट काढत राहिला.

"सम्यक, तिकीट."

"भाऊंकडे आहे. आई, ऐकून घे आधी. ओरडू नको."

"ओरडत नाहीये. तू माझा ओरडा ऐकलेला नाहीस अजून."

"अगं, मी सहज बोललो ऑफिसात, आई एकटी क्रूझवर चाललीये. भाऊ म्हणाले, भारी आहे, आपण प्रोग्राम करू. आता भाऊंना नाही कसं म्हणणार? एजन्सीत सुपरवायझरची जागा निघतेय. मी चार वर्षं गेटवर उभा आहे, आई. बारा बारा तास. पायाला सूज येते माझ्या."

"मग जागा माग. माझं तिकीट का विकलंस?"

"विकलं कुठे? तुझंच आहे ना तिकीट? फक्त त्यांच्या हातून घ्यायचं. दोन मिनिटं. फोटो होतो, टाळ्या होतात, विषय संपला. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय?" मी म्हटलं. "जे मी कमावलं ते तू भीक म्हणून मला परत देणार. आणि मी हात पसरून घेणार, सगळ्या मोहन्यासमोर. तुझ्या बापाने दिवाळीला कंपनीतल्या साहेबाने दिलेला जुना कोट परत केला होता, माहीत आहे? थंडीत कुडकुडला, पण परत केला. आपल्या घरात हात जोडतात ते बुद्धासमोर. वीस फुटी फ्लेक्ससमोर नाही."

"बाप कुडकुडला," सम्यक म्हणाला, "आणि आपण पण कुडकुडलो. तुम्हा लोकांचा स्वाभिमान भारी असतो. गेटवर उभं मला राहावं लागतं."

ते मला लागलं. खोटं सांगत नाही, लागलं. त्याच्या पायाची सूज मी बघितलेली आहे, मिठाच्या पाण्यात पाय मीच बुडवून घेते.

पायल तेव्हापर्यंत कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग तू स्वतःचं काहीतरी द्यायचंस ना भाऊंना. तुझी बाइक द्यायची. मम्मीचं कशाला?"

सम्यक आत निघून गेला. बेडरूमचं दार लावून घेतलं त्याने. त्याला दार आहे.

दुसऱ्या दिवशी मी मेलिसाला फोन केला. विचारलं, तिकिटाचा कागद दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर काय?

"तिकीट मोबाईलवर आहे ना आंटी? आधार कार्ड आहे? बस. कागद घेऊन कोणी काही करू शकत नाही. बुकिंग तुमच्या नावावर आहे. दुसरं कोणी आलं तर त्याला गेटवरून परत पाठवतील."

"नक्की?"

"नक्की. कागद चटणी-भेळ बांधायला वापरा."

मी कोणाला काही बोलले नाही. सम्यकला सांगितलं, येते मी रविवारी. त्याला वाटलं आई वितळली. त्याने माझी निळी साडी स्वतः इस्त्री करून आणली.

सोहळा अकराचा. बायका दहापासून बसलेल्या, मांडवात पंखा एकच आणि तो स्टेजकडे तोंड करून. भाऊ एक वाजता आले. मयूर नावाचा त्यांचा एक कार्यकर्ता माईकवर होता, दोन तास तो एकच वाक्य फिरवून फिरवून बोलत होता. शेवटी मला वर बोलावलं. "या, माऊली या!" शाल आली, नारळ आला, आणि ताटात, झेंडूच्या पाकळ्यांवर, माझं तिकीट. खरंच लॅमिनेट केलेलं होतं. चकचकीत.

भाऊंनी ते उचललं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं माझ्याकडे केलं आणि तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं. "धरा मावशी. इकडे बघा. हसा."

मी धरलं नाही. मयूरच्या हातातला माईक घेतला. पोरगं एवढं चकित झालं की सोडूनच दिलं त्याने.

"भाऊ," मी म्हटलं, "तिकीट हातात आहेच तर जरा वाचून दाखवा. पैसे भरणाऱ्याचं नाव काय लिहिलंय?"

भाऊ हसत राहिले. दात तेवढेच, डोळे बदलले. "मावशी भावुक झाल्यात," ते लोकांना म्हणाले.

"भावुक नाही, रागावलेय. वाचा. चष्मा देऊ का माझा?"

मागून कोणीतरी बाई फिस्सकन हसली. मग दुसरी.

"नाही वाचत? मी सांगते. कांता दगडू भालेराव. प्रवासी पण तीच, पैसे भरणारी पण तीच. एकोणतीस वर्षं मी लोकांचं रक्त पुसलं त्याचे पैसे आहेत ते. भाऊंचे नाहीत. आणि बायांनो, तुमचे आधार कार्डचे कागद ज्याने घेतलेत त्याच्याकडून आज परत घ्या. कुठलीही मोफत सफर नाही. जी आहे ती एकच आहे, आणि ती माझी आहे."

मयूर माईक ओढायला आला. मी दिला. भाऊंच्या हातात तिकीट अजून तसंच होतं, एका टोकाला धरलेलं.

"मावशी, हे घ्या तरी," ते खालच्या आवाजात म्हणाले. घाबरले होते. मला ते बघून बरं वाटलं, का वाटू नये?

"राहू द्या तुमच्याकडे," मी म्हटलं. "भिजणार नाही. लॅमिनेट केलंय."

नारळ खुर्चीवर ठेवला, शाल नारळावर, आणि खाली उतरले.

सम्यक नऊ दिवस माझ्याशी बोलला नाही. सुपरवायझरची जागा हर्षितला मिळाली. हर्षित भाऊंचा भाचा. माझ्यामुळे गेली असं चाळीतले काही म्हणतात. दहाव्या दिवशी सम्यक स्वतःच म्हणाला, भात कालवता कालवता, की हर्षितच्या नावाचा सुपरवायझरचा शर्ट सोहळ्याच्या आधीच शिवायला टाकलेला होता, शिंप्याने सांगितलं. एवढंच बोलला. मी त्याच्या ताटात मासा वाढला. मनात भाऊंना ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

निघायच्या दिवशी सम्यकने मित्राची गाडी आणली. शीळफाट्याला नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. पाऊण तास एका जागी. मी घड्याळ बघत होते आणि तो हॉर्नवर हात ठेवून पुढच्या ट्रकवाल्याच्या सात पिढ्या काढत होता. पोरगा माझ्यासाठी शिव्या देत होता, पहिल्यांदा.

माझ्या मोठ्या बॅगेला पायलने कव्हर शिवलं होतं. जाड, पांढरं, पाण्याचा थेंब न शिरणारं. गाडीतून उतरवताना कोपरा उलटला तेव्हा आतून अर्धी मिशी आणि सोन्याची चेन दिसली. फ्लेक्स तिने कुठून आणि कधी काढला, मी विचारलं नाही. ती बाई मशीनवर बसते तेव्हा प्रश्न विचारायचे नसतात.

बंदराच्या गेटवर पाटी होती, इथून पुढे फक्त प्रवासी. सम्यक थांबला. "आई, आत काही लागलं तर... म्हणजे एकटी..." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले.

आतल्या मुलीने कार्ड हातात देताना विचारलं, "मॅम, सोबत कोण?"

इथेही! पण तिने उत्तराची वाट बघितली, माझ्या खांद्यावरून मागे नाही बघितलं. "कोणी नाही," म्हटल्यावर तिने फक्त, "वेलकम, कांताजी," म्हटलं आणि पुढच्याकडे वळली.

भोंगा वाजला. मी वेळेआधी दहा मिनिटं जाऊन उभी. माझ्या कार्डावर मशीन लावलं, टीं वाजलं. पलीकडे एक जोडपं अजून आलेलं नव्हतं, त्यांची नावं तीनदा पुकारली. आम्ही सगळे त्यांच्यासाठी थांबलो. साहेब आले, हातात बियर. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग खोली. चार भिंती, खिडकी नाही. मोठा पलंग, दोन उशा, दोन टॉवेल, दोन पाण्याच्या बाटल्या. दोन माणसांचे पैसे घेतले होते, तर दोन्ही उशा माझ्या. मी दार ओढलं. टक्. मग आतून लॅच फिरवलं. पुन्हा उघडलं, पुन्हा फिरवलं, हाताला खात्री पटेपर्यंत.

दुपारचे साडेचार वाजलेले. जमीन हळूच सरकल्यासारखी झाली. वर लोक समुद्र बघायला धावत होते, जिन्यावर पोरांचे पाय वाजत होते. मी निळी साडी सोडली, गाऊन घातला आणि पलंगाच्या बरोबर मधे आडवी झाले.

मोबाईल वाजला. सम्यकचा मेसेज: आई पोचलीस का खोलीत? दार नीट लाव.

लावलं होतं. उत्तर झोप झाल्यावर देईन म्हटलं, आणि दिवा मीच बंद केला.